दाते नाहीत म्हणून निर्धोक?

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतल्या हौशी सुतारकामावरच्या लेखात स्पिंडल सँडरच्या वाट्याला दोनच ओळी आल्या आहेत. या यंत्राला करवतीसारखे दाते नाहीत, तेव्हा नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी, असा त्यांचा आशय. सोबतच्या छायाचित्रात सुती हातमोजे घातलेले दोन हात बोटभर जाडीच्या ड्रमवर लाकडाचा छोटा तुकडा दाबून धरताना दिसतात आणि त्या ड्रमभोवती टेबलाला वाटीएवढे मोकळे भोक आहे. लेखातला सल्ला आणि चित्रातली मांडणी एकत्र केली तर बोट जाण्याची सोय पूर्ण होते. हे पत्र त्यासाठी. जरा लांब आहे. पण दोन ओळींनी जे बिघडले ते दोन ओळींत दुरुस्त होणारे नाही.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टेबलाच्या मधून एक उभा दांडा वर येतो. त्यावर रबरी ड्रम आणि ड्रमवर पॉलिश पेपरची नळी, म्हणजे स्लीव्ह, चढवलेली असते. टेबलावर मांडायच्या यंत्रांचा दांडा मिनिटाला साधारण १,४०० ते २,००० फेरे घेतो आणि फिरता फिरता सेकंदाला जवळपास एकदा १६ ते २० मिलिमीटर वर-खाली होतो. या वर-खाली होण्यामुळे पेपरचा एकच पट्टा झिजत नाही आणि लाकडावर आडव्या रेघा पडत नाहीत. आतल्या वळणाची कड साफ करायला याच्याइतके सोयीचे यंत्र नाही, हे आम्हालाही मान्य आहे.

यंत्राबरोबर १३ ते ७६ मिलिमीटर व्यासाचे पाच-सहा ड्रम मिळतात. दांड्याचा वेग सगळ्यांना एकच, पण पेपरचा वेग व्यासाप्रमाणे बदलतो. २,००० फेऱ्यांना ७६ मिलिमीटरच्या ड्रमवरचा पेपर सेकंदाला सुमारे ८ मीटर पळतो, १३ मिलिमीटरचा जेमतेम १.४ मीटर. दचकून हात मागे घ्यायला पाव सेकंद लागला असे धरले, तरी तेवढ्यात मोठ्या ड्रमचा २ मीटर पेपर कातडीवरून गेलेला असतो, आणि तो बहुधा ८० नंबरचा, म्हणजे भरड असतो (नंबर वाढतो तसा पेपर बारीक). अशा जखमेला सरळ कड नसते. कातडी खरवडून निघालेली असते आणि आत भुसा भरलेला असतो.

तरीही पेपरला बोट घासणे हा त्यातल्या त्यात सौम्य प्रकार. वाईट प्रकार घडतो तो ड्रमभोवतीच्या फटीत. टेबलाच्या मधल्या भोकात बसवायला यंत्राबरोबर वेगवेगळ्या मापाच्या चकत्या येतात. मोठ्या ड्रमला मोठ्या भोकाची चकती, लहानाला लहान भोकाची. बदलायला दहा सेकंद लागतात आणि नेमका तेवढाच आळस नडतो. मोठी चकती तशीच ठेवून १३ मिलिमीटरचा ड्रम चढवला तर चारी बाजूंनी तीस मिलिमीटरच्या वर मोकळी जागा उरते. लाकडाच्या कडेला खालून आधार राहत नाही. ड्रम खाली उतरताना पेपर ती कड आपल्याबरोबर खाली ओढतो, तुकडा तिरपा होऊन फटीत अडकतो आणि त्याला धरलेली बोटे त्याच्या मागोमाग जातात. सेकंदाला एक म्हणजे ड्रम खाली उतरण्याच्या मिनिटाला साठ वेळा.

तेव्हा ड्रम बदलला की चकतीही बदललीच पाहिजे. ड्रमभोवती ३ ते ५ मिलिमीटर फट पुरते. त्याहून कमी नको, कारण धूळही याच वाटेने खाली ओढली जाते. जुन्या यंत्राच्या चकत्या हरवलेल्या असतील तर टेबलाच्या खाचेच्या खोलीइतक्या जाड प्लायवूडमधून नवीन कापाव्यात. भोक ड्रमच्या व्यासापेक्षा ६ ते ८ मिलिमीटर मोठे ठेवले की दोन्ही बाजूंची फट बरोबर येते. चकती टेबलाच्या पातळीत बसायला हवी. उंच राहिली तर काम तिच्या कडेला अडते, खाली राहिली तर लाकडाचा कोपरा खड्ड्यात उतरतो. किंचित खाली बसत असेल तर तळाला चिकटपट्टीचे एक-दोन थर दिले की झाले.

टेबल ४५ अंशांपर्यंत कलते करता येणाऱ्या यंत्रांवर लांबट भोकाच्या चकत्याही मिळतात. त्या फक्त टेबल कलते असताना वापरायच्या. तिरप्या टेबलावर गोल भोकाची चकती ठेवली तर ड्रम तिच्या कडेला घासणार. ही जुळणी तपासण्यासाठी प्लग काढून दांडा हाताने फिरवतात, पण बहुतेक लोक एक-दोन फेरे देऊन थांबतात. मिनिटाला २,००० फेरे आणि सुमारे ६० वेळा वर-खाली, याचा अर्थ एक पूर्ण वर-खाली व्हायला तेहतीस-चौतीस फेरे लागतात. तेवढे दिल्याशिवाय ड्रम कुठे घासतो की नाही ते कळत नाही. कंटाळवाणे आहे, पण दुसरा मार्ग नाही. तिरप्या टेबलावर काम स्वतःच्या वजनानेही घसरते, म्हणून खालच्या बाजूला एक सरळ पट्टी क्लॅम्पने पक्की करावी.

आता दिशा. काम ड्रमच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने सरकवायचे, हे सगळेच सांगतात. ड्रम कोणत्या बाजूला फिरतो ते मात्र फार थोडे लोक पाहतात. ड्रम वरून पाहताना घड्याळाच्या उलट फिरत असेल, तर तुमच्या समोरची त्याची बाजू डावीकडून उजवीकडे पळते. म्हणून काम उजवीकडून डावीकडे न्यायचे. ड्रम घड्याळाप्रमाणे फिरत असेल तर याच्या उलट. खात्री करायला यंत्र क्षणभर चालू करून बंद करावे आणि ड्रम थांबत येताना पाहावा. मग टेबलावर खडूने नव्हे, रंगाने बाण काढून ठेवावा. खडू पहिल्याच दिवशी भुशाबरोबर पुसला जातो.

ड्रमच्या दिशेनेच काम सरकवले तर ड्रम चाकासारखा वागतो. पेपर लाकडाला पकडतो, हातातून हिसकावतो आणि पुढे फेकतो. ज्या हाताने ते घट्ट धरलेले असते तो हात ड्रमकडे जातो. विरुद्ध दिशेने नेताना पेपर कामाला तुमच्या हाताकडे ढकलत असतो, म्हणून ताबा राहतो. काम निसटलेच तर ते स्पर्शाच्या जागी पेपर ज्या दिशेला पळतो त्या दिशेने उडते. त्या रेषेत स्वतः उभे राहू नये, दुसऱ्यालाही उभे राहू देऊ नये. पकडले गेलेले लाकूड सोडून द्यावे. वाचवण्यासारखे त्यात काही नसते.

घोळ होतो तो बंद भोकात. ट्रेच्या हँडलचे भोक किंवा घड्याळाची गोल चौकट ड्रमभोवती घालून काम अंगाकडे ओढले, की लाकूड ड्रमच्या पलीकडच्या बाजूला टेकते. तिथे पेपर उलट दिशेने पळत असतो. बाहेरच्या कडेला उजवीकडून डावीकडे सरकवायची सवय झालेला हात इथेही तसाच चालवला, तर काम ड्रमच्या दिशेने जाते आणि संपूर्ण चौकट गरकन फिरते. डावे-उजवे पाठ करण्यापेक्षा एवढे लक्षात ठेवणे सोपे: ड्रम ज्या दिशेने फिरतो, त्याच्या उलट दिशेने काम ड्रमभोवती प्रदक्षिणा घालत राहिले पाहिजे. बाहेरची कड असो वा आतले भोक, हा नियम बदलत नाही.

बंद भोकाला ड्रमही वेगळ्या हिशेबाने निवडावा लागतो. उघड्या वळणासाठी वळणापेक्षा किंचित लहान असा सर्वांत मोठा ड्रम घ्यायचा. फार लहान ड्रमने कड लाटालाटांची होते आणि ती सरळ करायच्या नादात माणूस दाब वाढवतो. म्हणजे ४० मिलिमीटर त्रिज्येच्या उघड्या वळणाला ७६ मिलिमीटरचा ड्रम उत्तम. पण ८० मिलिमीटरच्या बंद भोकात तोच ड्रम घातला तर सर्व बाजूंनी दोनच मिलिमीटर मोकळे राहतात. हात जरा हलला की भोकाची विरुद्ध बाजूही ड्रमला टेकते आणि काम जखडते. तिथे ५१ चा ड्रम घ्यावा. यंत्र बंद असतानाच काम ड्रमभोवती घालावे, कुठेही टेकलेले नाही हे पाहावे, दोन्ही हातांनी धरावे आणि मगच चालू करावे. काढतानाही यंत्र बंद करून ड्रम पूर्ण थांबल्यावर. स्विच बंद केल्यावर दांडा काही सेकंद फिरत राहतो आणि त्या सेकंदांत आवाज कमी झालेला असल्यामुळे हात नकळत पुढे जातो.

किती लाकूड काढायचे हा निर्णय या यंत्रावर यायच्या आधीच झालेला असावा. रेघेबाहेर १, फार तर २ मिलिमीटर ठेवून बाकीचे बँडसॉ किंवा जिगसॉ करवतीने कापून यावे. पाच-सहा मिलिमीटर शिल्लक ठेवून आले की दाबावे लागते. दाबले की पेपर तापतो, राळ वितळून दाण्यांमध्ये बसते, पेपर कापायचा थांबतो, म्हणून आणखी दाबले जाते. शेवटी लाकूड काळे पडते आणि १३ किंवा १९ मिलिमीटरचा दांडा वाकतोही. लहान ड्रमचा पेपर मुळातच हळू पळतो, म्हणून दाबायचा मोह तिथेच जास्त आणि तो दांडा सर्वांत बारीक. आकार आणायला ८० नंबर, मग १२० किंवा १५०, शेवटी २२० पुरतो. १५० नंबरने आकार आणायचा प्रयत्न करणे म्हणजे लाकूड भाजणे. काम सतत सरकते ठेवावे. एका जागी दोन सेकंद थांबले की खळगा पडतो.

हात कुठे असावेत? बोटे ड्रमपासून निदान ७५ मिलिमीटर दूर, तळवे लाकडाच्या वर किंवा मागे, आणि कोणतेही बोट कडेवरून खाली टेबलाकडे वळलेले नको. काम टेबलावर सपाटच राहिले पाहिजे, वर उचलून ड्रमला लावायचे नाही. टोकदार कोपऱ्यापासून सुरुवात करू नये. कोपरा पेपरमध्ये रुततो आणि काम फिरते. वळणाच्या मधल्या सपाट भागात हलके टेकवून तिथून कडेकडे जावे. तुकडा तळहाताएवढा किंवा त्याहून लहान असेल तर तो बोटांनी धरायचाच नाही. दुहेरी चिकटपट्टीने मोठ्या प्लायच्या तुकड्यावर बसवावा, किंवा लाकडी जबड्याच्या क्लॅम्पमध्ये पकडून क्लॅम्प टेबलावर सरकवावा. छायाचित्रातला तो तुकडा याच प्रकारचा होता.

हातमोज्यांबद्दल वेगळे सांगावे लागते, कारण ते घालणारा माणूस सुरक्षिततेच्या विचारानेच घालतो. फिरत्या ड्रमला मोज्याचा एक धागा सापडला तरी तो मोजा गुंडाळून घेतो आणि आत हात असतो. उघड्या हाताला खरचटते तिथे मोजा घातलेला हात ओढला जातो. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, ओढणी, मफलर, लोंबत्या बाह्या, मोकळे केस हे सगळे त्याच कारणासाठी नको. गॉगल हवाच, त्यावर अधिक लिहीत नाही.

स्लीव्ह बदलणे सोपे असते म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. आधी प्लग काढायचा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. वरचा नट आवळला की रबरी ड्रम उभ्याने दबतो, आडवा फुगतो आणि स्लीव्हला आतून पकडतो. नट सैल राहिला तर स्लीव्ह ड्रमवर घसरते, तापते आणि फाटते. जास्त आवळला तर ड्रमचे पोट सुटते आणि कड सरळ निघत नाही. हाताने पिळून स्लीव्ह हलत नाही इतके आवळणे पुरे. काही यंत्रांच्या नटाला उलटे आटे असतात. हे माहीत नसल्याने पान्यावर जोर लावून आटेच तुटतात, म्हणून माहितीपुस्तिका पाहूनच हात घालावा. स्लीव्ह रबराच्या वर किंवा खाली बाहेर आलेली नको, कारण ती कड आधाराविना असते आणि तिथूनच फाटते.

झिजलेली स्लीव्ह उलटी करून न वापरलेले टोक कामाला लावण्याची युक्ती चांगली आहे, पण सगळ्या स्लीव्हना चालत नाही. जिच्या जोडावर एक कड दुसरीवर चढवलेली असते, तिच्या आत दिशेचा बाण असतो. अशी नळी वरचे टोक खाली करून घातली की बाणाची दिशाही उलटते. मग चढवलेली कड लाकडाला समोरून धडकते आणि जोड उकलतो. कडा समोरासमोर आणून आतून पट्टीने जोडलेल्या स्लीव्हला बाण नसतो. तीच उलटी करावी. बाणवाल्या स्लीव्हचा वरचा भाग वापरायचा असेल तर टेबलावर १८ मिलिमीटर प्लायचा जोडटेबल क्लॅम्पने बसवावा, म्हणजे काम तेवढे वर उचलले जाते. या प्लायच्या भोकालाही फटीचा तोच नियम. राळेने भरलेला पेपर साफ करायला कच्च्या रबराची वडी मिळते, ती लांब धरून चालत्या ड्रमला हलकेच लावावी. ती आखूड झाली की टाकून द्यावी.

यंत्र हलके असते, बाजूने दाब आला की सरकते. बाकाला बोल्टने किंवा क्लॅम्पने बांधलेलेच हवे. अर्थिंग हवे. स्विचबाबत एक गोष्ट आवर्जून पाहावी: वीज जाऊन परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होते का? होत असेल तर स्विच बदलून घ्यावा. वीज गेली की सुटणारा आणि हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय न जुळणारा स्विच बसवता येतो. वीज गेल्यावर माणूस ड्रमजवळ अडकलेला तुकडाच काढायला वाकतो, आणि नेमकी तेव्हा ती परत येते.

राहिली धूळ. करवतीचा भुसा डोळ्यांना दिसतो आणि खाली बसतो. इथली बारीक भुकटी तासन्‌तास हवेत तरंगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीची गणना पहिल्या गटात, म्हणजे माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या घटकांत केली. नाक आणि त्याच्या पोकळ्यांचा कर्करोग हा त्यातला मुख्य. युरोपीय संघात कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा २०२३ पासून आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला २ मिलिग्रॅम आहे. ३ बाय ४ मीटरच्या, ३ मीटर उंच खोलीत ३६ घनमीटर हवा मावते. म्हणजे संपूर्ण खोलीत ७२ मिलिग्रॅम धूळ तरंगली की मर्यादा गाठली. चिमटीभर मीठ याहून जास्त भरते. एमडीएफमध्ये (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीत) लाकडाबरोबर फॉर्मल्डिहाइडची राळही असते, तिची धूळ आणखी त्रासदायक.

यंत्राच्या धुळीच्या तोंडाला व्हॅक्यूमची नळी जोडावी आणि यंत्र सुरू करण्यापूर्वी व्हॅक्यूम सुरू करावा. तोंड ३८ मिलिमीटरचे आणि नळी त्याहून मोठी असेल तर मधे जोडणी बसवावी. कापड गुंडाळून काम भागत नाही, ते कापड आत ओढले जाते. व्हॅक्यूम लावला तरी सगळी धूळ जात नाही, म्हणून एफएफपी२ किंवा एन९५ दर्जाचा मास्क हवा. रुमाल चालणार नाही. दाढी असेल तर तो मास्क कडेने गळतो. नंतर टेबल हवेच्या फवाऱ्याने झाडू नये, त्याने बसलेली धूळ पुन्हा हवेत जाते. याच यंत्रावर लोखंड घासू नये आणि जुन्या लाकडातले खिळे आधी शोधून काढावेत. एक ठिणगी नळीतून भुशाच्या पिशवीत गेली तर तिथे ती तासभर धुमसत राहू शकते आणि माणूस घरी गेल्यावर पेट घेते.

लेखात आणखी एक सुचवणी होती: सँडर नसेल तर उभ्या ड्रिल मशीनच्या चकमध्ये, म्हणजे ड्रिलचे पाते पकडणाऱ्या जबड्यात, सँडिंग ड्रम पकडावा. हे लोक करतात, आणि अगदी हलक्या कामाला ते चालतेही. पण ड्रिल मशीन वरून खाली दाब देण्यासाठी बांधलेले असते. त्याच्या बऱ्याच प्रकारांत चक एका निमुळत्या दांड्यावर केवळ घट्ट बसण्याच्या जोरावर टिकून असतो, त्याला आटे नसतात. वरून दाब आला की तो अधिक घट्ट बसतो. बाजूने सतत दाब आणि थरथर आली की सुटतो आणि ड्रमसकट फिरत खाली येतो. बेअरिंगही बाजूच्या दाबाने लवकर जातात. करायचेच असेल तर ड्रम लहान, वेग कमी, दाब नाममात्र ठेवावा. टेबलावर भोक पाडलेला प्लाय बांधून ड्रमचे खालचे टोक त्या भोकात उतरवावे, म्हणजे कामाची खालची कडही पेपरपर्यंत पोचते. दर थोड्या वेळाने यंत्र थांबवून चक हाताने हलवून पाहावा. त्यात किंचितही खेळ जाणवला तर काम तिथेच थांबवावे आणि निमुळता जोड उतरवून, तेलाचा अंश पुसून, नव्याने बसवावा.

आपले,
लाकूडकाम यंत्रशाळेतील दोन प्रशिक्षक